पंख्याचा इतिहास : नीरेच्या पाटापासून ‘तारिणी’च्या इंजिनापर्यंत

१/
बारामती आणि इंदापूर या तालुक्यांचा आधुनिक इतिहास सांगताना धरणे, कालवे, साखर कारखाने आणि त्यांमागील मोठी माणसे यांचाच उल्लेख होतो. या सर्वांच्या पोटात फिरणारा तळहाताएवढा एक भाग मात्र कोणत्याही स्मारकावर कोरलेला नाही. तांत्रिक भाषेत त्यास ‘इंपेलर’ म्हणतात आणि रानात, विहिरीच्या काठावर, ‘पंखा’. हा धागा त्या पंख्याचा, आणि पाणी कोणाच्या हाती राहिले या प्रश्नाचा आहे.

२/
आरंभ पाण्यापासून नव्हे, कर्जापासून करावा लागतो. १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासात नोंदलेल्या उठावाची ही पहिली ठिणगी होती. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, दुष्काळ पडला आणि तो १८७८ पर्यंत टिकला. अवर्षणप्रवण जिरायत, न फिटणारे कर्ज आणि दुष्काळ या तिहेरी संकटातून नीरा कालव्याची कल्पना प्रत्यक्षात आली.

३/
वीर येथील बंधाऱ्यापासून निघणारा नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. पुरंदर, बारामती आणि इंदापूर या भागांतून जाणारी त्याची लांबी सुमारे १०० मैल होती. त्यास बारमाही पाणी मिळावे म्हणून भाटघर येथे धरण बांधले गेले. पुढे त्याच ठिकाणी अधिक उंच असे लॉइड धरण उभे राहिले व १९२८ मध्ये पूर्ण झाले. एरवी मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या प्रदेशात ऊस उभा राहू लागला.

४/
तथापि पाट हा उताराचा गुलाम असतो. पाणी आपल्या वजनाने खाली वाहते. ते वर चढत नाही. कालव्याच्या खालच्या अंगाची जमीन भिजली, वरच्या अंगाची कोरडी राहिली. एकाच गावात, पाटाच्या एका काठास बागायत आणि दुसऱ्या काठास जिरायत, असे दृश्य निर्माण झाले. समपातळीची एक रेघ गावाच्या नशिबाची रेघ ठरली.

५/
पाटाच्या पाण्यास दुसरी मर्यादा होती ती सत्तेची. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी येथे ‘ब्लॉक पद्धत’ आखली. ठरावीक क्षेत्राचे गट पाडून, त्यात पिकांचे प्रमाण ठरवून, पाणी वाटून देण्याची ती शिस्त होती. तिच्यामुळे पाण्याची उधळपट्टी आटोक्यात आली. पण पाळी केव्हा येणार हे शेतकऱ्याने नव्हे, पाटबंधारे खात्याने ठरवायचे, ही गोष्टही तिने पक्की केली. कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यास तिचा अर्थ अधिक चांगला कळत असे.

६/
तिसरी मर्यादा जमिनीची. अतिपाण्याने नीरा खोऱ्यातील काळ्या जमिनी पाणथळ व क्षारपड होऊ लागल्या. कृषितज्ज्ञ हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी तांहणे यांनी या खारवट जमिनींवर १९१० मध्येच अभ्यास प्रसिद्ध केला होता. म्हणजे कालवा सुरू होऊन जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती. एकीकडे पाण्यावाचून करपणारे रान, तर दुसरीकडे पाण्यानेच मेलेले रान. पाणी हवे तेव्हा, हवे तेवढेच घेता आले पाहिजे, ही गरज येथून स्पष्ट होते.

७/
हवे तेव्हा पाणी देणारे जुने साधन म्हणजे मोट. विहिरीवरची धाव, तिच्यावरून उतरणारे बैल, नाडा आणि सोंदूर हे दोन दोर, आणि चामड्याची मोट रिती होते ते थारोळे. मोट हे अत्यंत विश्वासू यंत्र होते. तिचा प्रत्येक भाग गावात तयार होई आणि गावातच दुरुस्त होई. चामडे चर्मकाराचे, चाक सुताराचे, लोखंड लोहाराचे. मात्र तिची शक्ती बैलांच्या दमापुरती होती, आणि दुष्काळात सर्वांत आधी बैलच विकावे लागत.

८/
मोटेची जागा घेणारे यंत्र युरोपात हळूहळू घडत होते. फिरत्या पात्यांनी पाणी बाहेर फेकणारा पंप डेनिस पापँ याने सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडला. पण त्याची खरी परीक्षा १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात झाली. जॉन अ‍ॅपोल्ड याने वक्र पात्यांचा पंखा सादर केला. चाचणीत सरळ पात्यांच्या पंख्याची कार्यक्षमता सुमारे २४ टक्के भरली, तर वक्र पात्यांची ६८ टक्के. केवळ पाते वाकविल्याने पाणी जवळजवळ तिप्पट स्वस्त झाले.

९/
याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पाणी पंख्याच्या मध्यभागी, म्हणजे ‘डोळ्यात’, शिरते. पंखा फिरताच ते कडेकडे फेकले जाते व मध्यभागी दाब घटतो. बाहेरील वातावरणाचा दाब विहिरीतील पाण्यास त्या पोकळीकडे ढकलतो. कडेला वेगाने आलेले पाणी शंखाकृती कवचात मंदावते आणि त्या वेगाचे रूपांतर दाबात होते. पाते सरळ असेल तर पाणी आदळते, भोवरे होतात, शक्ती वाया जाते. वक्र पाते पाण्यास वळणाने बाहेर नेते.

१०/
पंख्यास फिरविणारी शक्ती रुडॉल्फ डिझेल याच्या इंजिनाने दिली. १८९३ मध्ये त्यास पेटंट मिळाले आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथील चाचणीत त्याच्या इंजिनाने सुमारे २६ टक्के कार्यक्षमता दाखविली. तत्कालीन वाफेच्या इंजिनांच्या तुलनेत ही झेप फार मोठी होती. बॉयलर नको, कोळसा नको, बॉयलरचा परवाना असलेला माणूस नको. शेताच्या कडेला ठेवता येईल असे इंजिन आता शक्य झाले.

११/
महाराष्ट्रात या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने किर्लोस्करांकडे जाते. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानाच्या आश्रयाने कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी समजूत असलेल्या काळात त्यांनी नांगर विकला. १९२६ मध्ये त्यांच्या कारखान्याने सेंट्रीफ्यूगल पंप तयार केला. पुढे १९४६ मध्ये पुण्यात ‘किर्लोस्कर ऑइल इंजिन्स’ची स्थापना झाली.

१२/
आता मुख्य मुद्दा. डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या शक्तीपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कामी येते, एक तृतीयांश धुरावाटे जाते आणि उरलेली एक तृतीयांश इंजिनाच्या अंगात उष्णता म्हणून उतरते. ती काढून घेतली नाही तर पिस्टन जाम होतो. म्हणून इंजिनास पाणी लागते. पिकासाठी पाणी उपसणाऱ्या यंत्राला स्वतः जिवंत राहण्यासाठी पाणी लागावे, ही या कथेतील मध्यवर्ती गोष्ट आहे.

१३/
शेतावरील ऑइल इंजिनाने हा प्रश्न विलक्षण साधेपणाने सोडविला. पंपाच्या बाहेर पडणाऱ्या पाइपास एक बारीक नळी जोडायची. तिचे थंड पाणी इंजिनाच्या आवरणातून फिरवायचे. आणि कोमट झालेले पाणी पुन्हा दंडात सोडायचे. वेगळी टाकी नको, रेडिएटर नको. ऊस पिणारे पाणी आणि इंजिन निवविणारे पाणी एकच. त्यामुळे पंखा झिजला किंवा पंपाने हवा धरली, तर पीक आणि इंजिन दोन्ही एकाच वेळी तहानत.

१४/
म्हणून इंजिनाजवळच्या माणसाचे कान आणि हात दोन्ही त्या बारीक नळीकडे असत. पाणी कोमट येते आहे तोवर ठीक. वाफाळू लागले किंवा थांबले की इंजिन तत्काळ बंद. मग शोध सुरू : तळाच्या फुटवॉल्व्हमध्ये काटकी अडकली काय, ग्लँडची दोरी सैल होऊन हवा शिरते काय, की पंख्यानेच दगा दिला. कवच उघडून पंखा काढणे, चावी व नट पाहणे, झिजलेल्या कडा तपासणे, नवा पंखा बसवून बादलीने पंप पुन्हा भरणे, ही सर्व कामे विहिरीच्या थारोळ्याशेजारीच शिकली गेली.

१५/
झिजलेल्या पंख्याचा तोटा केवळ थोडे कमी पाणी एवढाच नसतो. पंख्याचा वेग १० टक्क्यांनी घटला तर पाणी चढविण्याची उंची १९ टक्क्यांनी घटते, कारण उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. झिजून व्यास कमी झालेल्या पंख्याचेही जवळजवळ तसेच. म्हणजे टोकाच्या वाफ्यापर्यंत पाणी पोहोचणे एका दिवसात अचानक थांबू शकते, आणि डिझेल मात्र जळतच राहते.

१६/
ही तूट कोण भरीत असे? इंजिन आणि विहीर यांसाठी तगाई किंवा भूविकास बँकेचे कर्ज घेतले जाई आणि सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात त्याचा बोजा चढे. सुप्यात १८७५ मध्ये जळालेले रोखे सावकाराच्या पेटीत होते. शंभर वर्षांनंतरचा रोखा सरकारी कागदावर होता. तारण मात्र तेच राहिले : जमीन. भर उन्हाळ्यात आठ दिवस पंप बंद राहणे म्हणजे उसाची वाढ थांबणे आणि हप्ता थकणे. पंखा वेळेवर बदलता येणे हा सोयीचा नव्हे, जमीन टिकण्याचा प्रश्न होता.

१७/
येथे पंपाच्या आणखी एका मर्यादेने इतिहास घडविला. वातावरणाचा दाब पाण्यास तत्त्वतः १०.३ मीटरच वर ढकलू शकतो. प्रत्यक्षात सुमारे ७ मीटर. पाणी त्याहून खाली गेले की काठावरचा उत्तम पंपही निरुपयोगी. म्हणून पाणी खोल जाऊ लागले तसे इंजिन विहिरीच्या आतील कट्ट्यावर उतरविले गेले. १९७२ च्या दुष्काळात विहिरी तळाला गेल्या तेव्हा ही मर्यादा सर्वांना एकदमच जाणवली. पुढे वीज आली आणि पाण्यातच बुडून राहणारा पंप आला. त्यात एकाच दांड्यावर अनेक पंखे एकावर एक चढविलेले असतात. तो पाणी ओढत नाही, खालून ढकलतो. त्यामुळे ७ मीटरची अट संपली आणि भूजल खरवडण्याचे युग सुरू झाले.

१८/
इंदापूरच्या बाजूस याच काळात पाण्याने वेगळे रूप घेतले. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण फुगवटा इंदापूरपर्यंत. पळसदेवचे प्राचीन मंदिर पाण्याखाली गेले. पाणी ओसरले की त्याचे शिखर आजही वर येते. नदीकाठच्या सुपीक जमिनी गेल्या, गावे उठली. विस्थापितांनी नव्या जागी पुन्हा शेती उभी केली ती बहुतांशी पंपांच्या आधारावर : ज्या पाण्याने जमीन बुडविली, तेच उपसून.

१९/
नदी ओलांडण्याच्या जुन्या वाटाही बुडाल्या. करमाळा आणि इंदापूर यांमधील लोक आजही बोटीने जलाशय ओलांडतात. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. समुद्रापासून इतक्या दूरच्या तालुक्यात नौका आणि तिची सुरक्षितता हा दैनंदिन जगण्याचा विषय आहे, हे त्या दुर्घटनेने राज्यास दाखवून दिले.

२०/
इंदापूरचे समुद्राशी असलेले नाते याहून जुने आहे. कळंब येथे वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभारला व वालचंदनगर वसले. याच वालचंदांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले; आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन आहे. त्यांनी पाया घातलेल्या विशाखापट्टणमच्या गोदीत बांधलेले ‘जलउषा’ १९४८ मध्ये पाण्यात उतरले. उसाच्या चरकांची यंत्रे घडविणाऱ्या वालचंदनगरने पुढे भारतीय नौदलाच्या जहाजांसाठी गिअरबॉक्सही तयार केले.

२१/
समुद्रात डिझेल इंजिनाची तहान अधिक अवघड होते. भोवती पाणी अमाप, पण खारे; ते थेट इंजिनात फिरविले तर क्षार बसतात व धातू गंजतो. म्हणून शिडाच्या नौकेवरील इंजिनात बहुधा दोन वर्तुळे असतात : आत गोडे पाणी, बाहेर समुद्राचे पाणी, आणि दोहोंमध्ये उष्णता देवघेव करणारे नळ्यांचे भांडे. समुद्राचे पाणी आत खेचणारा पंप लहानसाच, आणि त्याचा पंखा धातूचा नव्हे, रबराचा असतो. कवचाच्या एका अंगास उंचवटा असतो. तेथे पाती वाकतात, पुढे सरळ होतात, आणि त्या उघडमिटीत पाणी पुढे ढकलले जाते.

२२/
या रबरी पंख्यास कोरडे फिरणे सोसत नाही. पाणी हेच त्याचे वंगण. ते नसेल तर अल्पावधीत पाती तापून तुटतात. बदलण्याची रीत अशी : प्रथम समुद्राकडील झडप बंद, मग पंपाचे झाकण काढून जुना पंखा बाहेर. लगेच पाती मोजायची. एखादे कमी भरले, तर तो तुकडा पुढे नळ्यांच्या भांड्यात अडकलेला असतो आणि तो शोधल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. नव्या पंख्यास ग्लिसरीन लावून, फिरण्याच्या दिशेनुसार पाती वळवून तो बसवायचा. नवे गॅस्केट, झाकण, आणि झडप पुन्हा उघडणे. इंजिन सुरू होताच धुराच्या नळीतून पाणी उसळते आहे काय हे पाहायचे. हे पाहणे आणि विहिरीवरील बारीक नळीस हात लावणे, यांत फरक केवळ खारटपणाचा आहे.

२३/
शिडाची नौका वाऱ्यावर चालते, मग इंजिनाचे एवढे महत्त्व का? बंदरात शिरताना, वारा पडल्यावर आणि बॅटऱ्या भरण्यासाठी ते लागते. गोव्यात दिवाडी बेटावरील गोदीत बांधलेल्या ‘म्हादेई’वरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी ती कोठेही न थांबता पूर्ण केली, आणि २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’वरून. अशा सफरीत नाविकालाच मिस्त्री व्हावे लागते. दक्षिण महासागरात दुरुस्तीचे दुकान नसते.

२४/
विहिरीच्या कट्ट्यावरही नव्हते. येथेच दोन्ही कथा एकत्र येतात. यंत्र विकत घेतल्याने पाणी हाती येत नाही. ते उघडून पुन्हा जोडता आले, सुटा भाग जवळ असला, तर येते. मोटेची दुरुस्ती गावात होती. ऑइल इंजिनाने ती गावाबाहेर जाण्याचा धोका निर्माण केला. बारामती, भिगवण, इंदापूर, वालचंदनगर येथे शिकून तयार झालेल्या मिस्त्रींनी ती पुन्हा जवळ आणली. बोअरमधील बुडता पंप मात्र शेतकऱ्याच्या नजरेआड गेला आहे. तो वर काढण्यासच यंत्र आणि माणसे बोलवावी लागतात.

२५/
आज पंख्याचे राजकारण मोठ्या आकारात दिसते. सुप्याकडील जिरायत पट्ट्यासाठीची जनाई-शिरसाई उपसा सिंचन योजना असो, वा उजनीचे पाणी इंदापूरच्या कोरड्या गावांकडे नेणाऱ्या लाकडी-निंबोडी योजनेवरून सोलापूरकरांनी घेतलेला आक्षेप असो. वाद एकच आहे. उताराने जे पाणी एकाचे ठरविले, ते पंख्याने दुसऱ्याकडे चढवावे काय, आणि त्या चढणीचे वीजबिल कोणी भरावे? १८८५ च्या पाटाने ओढलेली समपातळीची रेघ अजून पुसलेली नाही. ती पुसण्याची किंमत मात्र आता युनिटमध्ये मोजली जाते.

२६/
इतिहासाच्या तरुण अभ्यासकांसाठी येथे न उघडलेले दप्तर पडले आहे. जुन्या सातबाऱ्यांवरील इंजिनाचे बोजे, तगाईच्या नोंदी, बंद पडलेल्या वर्कशॉपमधील वह्या, विहिरींच्या आतले रिकामे कट्टे, आणि ‘हवा धरली’, ‘दोरी बदलली’, ‘पंखा खाल्ला’ असे बोलणारी वयोवृद्ध माणसे. धरणांची कागदपत्रे अभिलेखागारात सुरक्षित आहेत. ही साधने तशी नाहीत. भंगाराच्या गाडीत एक इंजिन गेले की त्याबरोबर विहिरीच्या इतिहासाचे एक पान जाते. आपल्या गावातील पहिले इंजिन कोणाच्या विहिरीवर बसले, आणि ते दुरुस्त कोण करीत असे, एवढे दोन प्रश्न विचारण्यापासून आरंभ करता येईल.